पात्रो काय फ्रातो: आईच्या शब्दावरून आलेले प्रश्न

मागच्या अंकात मी एस्परांतो भाषेतल्या एकाच नामावर लिहिलं होतं, पात्रीनो, म्हणजे आई. मला वाटलं होतं दोनचार जण वाचतील आणि पान उलटतील, पण प्रश्न एवढे आले की या वेळचं सगळं सदर त्यातच जाणार. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी पटकन सांगते. एस्परांतो ही बसून बनवलेली भाषा, लुडविक झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने 1887 साली वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक काढलं, व्याकरणाचे नियम 16, आणि नामाचं व्याकरण तर एका दमात म्हणून होतं. नाम ‘ओ’ने संपतं, अनेकवचनाला पुढे ‘य’ लागतो, आणि नाम कर्म असेल तर शेवटी ‘न’ लागतो. पात्रीनो, पात्रीनोय, पात्रीनोन, पात्रीनोय्न. झालं नाम चालवून. शाळेत ‘देवः देवौ देवाः’ करत जिने चढलेल्या आमच्या पिढीला हे बघून रडूच येतं.

आता प्रश्न. काही मोठे होते ते थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, सांगली): तुम्ही पात्रीनो या शब्दाची फोड ‘पात्र’ अधिक ‘इन’ अधिक ‘ओ’ अशी केलीत. पात्रो म्हणजे बाप, त्याला बाईचा प्रत्यय लावला की आई. म्हणजे मराठीत सांगायचं तर ‘बापीण’! माणसाने कोरा कागद घेऊन भाषा बनवायची आणि त्यातही आईला स्वतःचा शब्द नाही? मला हे वाचून चीडच आली.

उत्तर: बाई, ‘बापीण’ हा शब्द मी तुमच्याकडून उधार घेतला असं समजा, कारण एवढं नेमकं भाषांतर मला सुचलं नव्हतं. वाघ-वाघीण, मालक-मालकीण, तसं बाप-बापीण. आणि गंमत म्हणजे एस्परांतोचा हा ‘इन’ आपल्या ‘ईण’सारखाच ऐकू येतो, पण तो आपल्याकडून गेलेला नाही, जर्मनमध्ये राजाची राणी करताना ‘क्योनिग’चं ‘क्योनिगिन’ होतं ना, तो त्याचा जवळचा पाहुणा.

असं का केलं, तर काटकसर. पहिलं पुस्तक चाळीसएक पानांचं, त्यात मूळ शब्द नऊशेच्या आसपास, आणि डॉक्टरांचा सगळा भर यावर की माणसाला पाठांतर कमी करावं लागावं. मग फ्रातो भाऊ तर फ्रातीनो बहीण, फीलो मुलगा तर फीलीनो मुलगी, आव्हो आजोबा तर आव्हीनो आजी, एद्झो नवरा तर एद्झीनो बायको. एक प्रत्यय शिकला की अर्धं घर फुकट. हेच त्यांनी ‘माल’ या उपसर्गाचं केलं, बोना म्हणजे चांगला तर मालबोना म्हणजे वाईट, वाईटाला वेगळा शब्दच नाही. पण आता तुमच्या चिडीचा मुद्दा. काटकसर करायचीच होती तर आई मूळ आणि बाप साधित असंही करता आलं असतं, पाठांतर तेवढंच वाचलं असतं. ते सुचलं नाही. 1905 साली या भाषेचा पायाभूत ग्रंथ निघाला, त्यात सरावाची वाक्यं सुरू होतात तीच मुळी ‘पात्रो काय फ्रातो’ अशी. हे ऐकून मराठी माणसाला वाटतं कुणीतरी काहीतरी विचारतंय, तर नाही, एस्परांतोत ‘काय’ म्हणजे ‘आणि’. बाप आणि भाऊ. घर कोणाच्या नावाने सुरू होतं ते कळलंच.

मात्र डॉक्टरांना एकट्याला झोडपायचं नाही. तुम्ही शिक्षिका आहात, संस्कृत झालंच असेल, आठवा बरं, आईवडील दोघांना मिळून ‘पितरौ’ म्हणतात. पाणिनीचं सूत्रच आहे ‘पिता मात्रा’, म्हणजे माता आणि पिता एकत्र आले की नुसता पिता शिल्लक राहिला तरी चालतो, आई त्याच्या द्विवचनात गुडूप. एस्परांतोत आईवडील म्हणजे गेपात्रोय, यातला ‘गे’ म्हणजे दोघंही, बायका-पुरुष मिळून. म्हणजे निदान ‘गे’ लावून आई तिथे हजर असल्याचं सांगितलं तरी आहे, पाणिनीकडे तेही नाही. आणि आपल्याकडे तरी काय, काका-काकू, मामा-मामी, आजा-आजी, सगळीकडे आधी तो आणि मग ती. मावशी मात्र ताठ उभी आहे, तिच्यावरून तिच्या नवऱ्याला मावसा म्हणतात.

तुमच्यासारखी चीड आधीही लोकांना आलीये. 1907 मध्ये एस्परांतोतूनच फुटून इडो नावाची भाषा निघाली, त्यांनी आईला सरळ ‘मात्रो’ हा वेगळा शब्द दिला. एस्परांतोच्या आतही भांडणं चालू असतात. काही जण म्हणतात पुरुषासाठी ‘इच’ असा नवा प्रत्यय घ्या म्हणजे दोन्हीकडे प्रत्यय लागेल आणि मूळ शब्द कुणाचाच राहणार नाही, काही जण आईवडिलांपैकी कुणीही एक अशा अर्थाने एकवचनात ‘गेपात्रो’ म्हणतात आणि जुने लोक त्यावर नाक मुरडतात की अहो एकटा माणूस दोघं कसा असेल. माझं मत विचाराल तर व्यवसायाच्या आणि प्राण्यांच्या शब्दांत ही गोष्ट आपोआप सुटत आली, पूर्वी शिक्षिकेला इंस्त्रूईस्तीनो म्हणायचेच, आता बरेच जण बाई असो की बुवा नुसतं इंस्त्रूईस्तो म्हणतात. पण आईबापाच्या शब्दाला हात लावायला कुणी पटकन धजत नाही. घरातलं जुनं कपाट कसं, कितीही अडचण झाली तरी हलत नाही, तसं आहे ते.

आणि एक राहिलंच, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. ‘मातृभाषा’ला एस्परांतोत सर्रास काय म्हणतात? गेपात्रा लीन्ग्व्हो. आईवडिलांची भाषा. म्हणजे जिथे आपण नुसत्या आईचं नाव घेतो तिथे हे दोघांचंही घेतात.

प्रश्न (कॉलेजमधला एक मुलगा, पुणे): मी ॲपवरून एस्परांतो चालू केलीये, दहा दिवस झाले. माझा घोळ ‘ला’चा होतोय. ‘ला पात्रीनो’ म्हणलं की डोक्यात ‘ला’ म्हणजे आईला असंच येतं. शिवाय विभक्त्या दोनच कशा? ने, शी, चा, त हे सगळं कुठे गेलं?

उत्तर: अरे, मराठी माणसाचा हा हक्काचा घोळ आहे, माझाही झाला होता. एस्परांतोतला ‘ला’ नामाच्या आधी येतो आणि त्याचा अर्थ फक्त ‘तो ठरावीक, आपल्याला माहीत असलेला’ एवढाच, त्याचा द्वितीयेशी काडीचा संबंध नाही. ‘ला हुंदो’ म्हणजे तो कुत्रा, कुत्र्याला नाही. कुत्र्याला म्हणायचं तर शेवटी बघायचं, ‘ला हुंदोन’. आपला ‘ला’ शेपटाला, त्यांचा ‘ला’ तोंडाला. आठवडाभर हे वाक्य म्हणत बस, ला पात्रीनो व्हीदास ला हुंदोन, आई कुत्र्याला बघते. यात ‘ला’ दोन आहेत पण कर्म एकच, ज्याच्या शेवटी न आहे ते.

आता त्या ‘न’चा फायदा बघ. ला हुंदो मोर्दीस ला व्हीरोन, कुत्रा माणसाला चावला. आता उलटं कर, ला व्हीरोन मोर्दीस ला हुंदो. इंग्रजीत असं शब्द फिरवले तर माणूसच कुत्र्याला चावतो, इथे मात्र कुत्राच चावतोय, कारण न माणसाला लागलाय. आपल्याकडे ‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणसाला कुत्रा चावला’ दोन्ही चालतं ना, अगदी तसंच. म्हणून मला वाटतं मराठी माणसाला हा न इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपा जायला हवा. हवा म्हणतेय, जातो असं नाही, कारण आपली एक खोड आहे. आपण जिवंत कर्माला ‘ला’ लावतो आणि निर्जीवाला लावत नाही. कुत्र्याला पाहिलं, पण पुस्तक वाचलं, पुस्तकाला वाचलं नाही. एस्परांतोला हा भेदभाव माहीत नाही, कुत्रा असो की पुस्तक, कर्म झालं की न. मी लेगीस लीब्रोन, मी पुस्तक वाचलं. (हो, ‘मी’ म्हणजे तिकडेही मी. तेवढं एक फुकट मिळालंय.) त्यामुळे मराठी माणसाच्या चुका पुस्तक, चहा, भाकरी असल्या शब्दांवर होतात, माणसांवर कमी होतात, आणि माणसांवरही होतातच. हंगेरीतल्या एका पत्रमित्राला मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं ‘मी आमास मीआ पात्रीनो’, माझं आईवर प्रेम आहे. त्याने उत्तरात काही म्हटलं नाही, फक्त माझं वाक्य पुन्हा लिहून दोन न लाल शाईने घातले, मीआन पात्रीनोन. नामाला लागला की विशेषणालाही लागतो हे मी तेव्हा शिकले.

विशेषणाचा हा न काय कामाचा असं वाटेल, तर हे ऐक. ‘मी पांढरं घर रंगवलं’ आणि ‘मी घर पांढरं रंगवलं’, आपण शब्दाची जागा बदलून अर्थ बदलतो. एस्परांतोत फार्बीस म्हणजे रंगवलं, दोमो म्हणजे घर, ब्लांका म्हणजे पांढरं. मी फार्बीस ला दोमोन ब्लांकान, घर आधीच पांढरं होतं. मी फार्बीस ला दोमोन ब्लांका, आता पांढरं झालं. एका न वर घराचा रंग ठरतो.

बाकीच्या विभक्त्यांचं काम सुटे शब्द करतात, नामाच्या आधी येऊन. दे म्हणजे चा किंवा पासून, आल म्हणजे कडे किंवा ला, कून म्हणजे सोबत, पेर म्हणजे साधनाचा ने, एन म्हणजे आत. आणि यांच्यानंतर नाम जसंच्या तसं राहतं. सामान्यरूप नाही! घोडा-घोड्याने, विहीर-विहिरीत, देऊळ-देवळात, हा आपला त्रास परक्या माणसाला शिकवून बघ म्हणजे कळेल किती मोठी सूट आहे ती. फक्त एक गमतीशीर अपवाद, हालचाल त्या जागेकडे जायची असेल तर तिथेही न येतो. ला कातो साल्तास सूर ला ताब्लो, मांजर टेबलावरच उड्या मारतंय. सूर ला ताब्लोन, मांजर खालून टेबलावर उडी मारतंय. आमच्या मराठीत दोन्हीकडे ‘टेबलावर’च, दुधाचं पातेलं कुठे आहे त्यावरून समजून घ्यायचं.

प्रश्न (एक वाचक, अमरावती): नाम ‘ओ’ने संपतं म्हणता, मग नमस्काराला ‘सालुतोन’ आणि आभाराला ‘दांकोन’ का? न कुठून आला?

उत्तर: मस्त पकडलंत. ती अर्धी वाक्यं आहेत. ‘मी तुम्हाला नमस्कार देतो’, ‘मी आभार मानतो’ यातला कर्ता आणि क्रियापद गिळून टाकलं आणि कर्म उरलं, त्याच्या शेपटीला न तसाच. बोनान तागोन म्हणजे शुभ दिवस, तोही द्वितीयेत, कारण मनात ‘इच्छितो’ आहे.

प्रश्न (मराठी गृहिणी, श्टुटगार्ट): मला जर्मन शिकताना चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी हे पाठ करताना वेड लागलं होतं. एस्परांतोत वस्तूंना लिंग असतं का?

उत्तर: नाही. संपलं. म्हणजे पात्रीनो बाई आहे हे अर्थावरून, व्याकरणाला त्याचं काही पडलेलं नाही. बोना पात्रो, बोना पात्रीनो, बोना कुलेरो, चांगला बाप, चांगली आई, चांगला चमचा, विशेषण ढिम्म हलत नाही. एकवचन-अनेकवचन मात्र बघावं लागतं, बोनाय पात्रीनोय. तुमच्या पत्रावरून मी आमच्या जेवणाच्या टेबलाकडे बघितलं, आपल्याकडे तो चमचा, तो काटा, ती सुरी, म्हणजे जर्मनशी जुळला तो फक्त चमचा. ग्रंथ तो, वही ती, पुस्तक ते, हे आपण कुणाला कसं समजावणार, मी तर एका परदेशी मैत्रिणीला शेवटी ‘कानाला विचार’ असं सांगून सुटका करून घेतली.

प्रश्न (शेतकरी, लातूर जिल्हा): आई कळली. जनावरांचं काय? गाय, बैल, वासरू यांना तरी वेगळे शब्द आहेत का?

उत्तर: दादा, इथे तुम्हाला हसू येईल. बोव्हो हा मूळ शब्द, बोव्हीनो गाय, बोव्हीदो वासरू, यातला ‘इद’ म्हणजे पिल्लू. हुंदोचं हुंदीदो, कातोचं कातीदो, सगळ्या पिल्लांना एकच प्रत्यय. नर आहे हे मुद्दाम सांगायचं तर पुढे ‘व्हीर’ लावायचा, व्हीरबोव्हो. म्हणजे पूर्ण गोठा एका शब्दातून निघतो. पण तुमचा गोऱ्हा, खोंड, कालवड, वळू, यातली कोणती कितव्या वर्षाची आणि कोणती कामाला लागली ते त्या शब्दात येत नाही, लांबलचक वर्णन करावं लागेल. बाजारात उभं राहून एस्परांतोत बैलजोडीचा सौदा करायचा म्हणजे व्यापारी निम्म्यात उठून जाईल.

प्रश्न (नाव नको, ठाणे): नव्या सुनेचा प्रश्न समजा. नणंद, जाऊ, वहिनी या सगळ्यांना एस्परांतोत काय म्हणतात?

उत्तर: लग्नामुळे झालेलं नातं असेल तर ‘बो’ लावतात. पात्रीनोची बोपात्रीनो झाली की सासू. फ्रातीनोची बोफ्रातीनो झाली की नणंद, आणि मेहुणी, आणि वहिनीसुद्धा! सगळ्या एकाच डब्यात. तसंच ओंक्लीनो म्हणजे आत्या, मावशी, काकू, मामी. लग्नाच्या पत्रिकेत आपला निभाव लागणार नाही. आणि हो, आई म्हणजे बापीण तर सासू म्हणजे लग्नातून आलेली बापीण, हे तुमच्या सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रश्न (सांगलीच्या बाईंच्याच शेजारी, असं त्यांनी लिहिलंय): मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको की शिकवणारी बाई, हा गोंधळ एस्परांतोतही होतो का?

उत्तर: नाही, आणि यावर त्यांच्या त्या 1905 च्या ग्रंथात एक फार गोड वाक्य आहे. ली ने एस्तास लाव्हीस्तो, ली एस्तास लाव्हीस्तीनेद्झो. तो धोबी नाही, तो धोबिणीचा नवरा आहे. लाव्ह म्हणजे धुणं, इस्त म्हणजे ते काम करणारा, इन म्हणजे बाई, एद्झ म्हणजे नवरा, आणि शेवटी ओ. ‘इन’ लागला की ती स्वतः ते काम करणारी, बायको असेल तर एद्झीनो वेगळं जोडायचं, डॉक्टरची बायको दोक्तोरेद्झीनो. आपल्याकडे पाटलीणबाईंनी कधी पाटीलकी केली की नाही हे ‘पाटलीण’ या शब्दावरून कळत नाही, धोबीण आणि परटीण यांचंही तेच. मला हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून तो माणूस डोळ्यापुढे दिसतो, बायको नदीवर कपडे आपटतेय आणि हा काठावर बसून लोकांना सांगतोय, मी धोबी नाही हो.

प्रश्न (इंजिनिअर, नागपूर): बाकीच्या बनवलेल्या भाषांत पण नाम एवढंच सोपं असतं का? आणि अनेकवचनाला सरळ ‘स’ का नाही घेतला?

उत्तर: आधी ‘स’. डॉक्टर शाळेत होते तेव्हाच त्यांनी एक कच्ची भाषा तयार केली होती, 1878 मध्ये मित्रांना जमवून तिचा सोहळाही केला, तिच्यात राष्ट्रं म्हणजे ‘नात्स्येस’ असं होतं, म्हणजे नाम ‘ए’ने संपायचं आणि अनेकवचनाला स. पुढची नऊ वर्षं घासूनपुसून ओ आणि य झालं. जुन्या ग्रीकमध्ये अनेकवचनं ‘ओइ’, ‘आइ’ अशी संपतात, कानाला त्याची आठवण येते. य वर टीका खूप झाली, इडोवाल्यांनी तो काढून टाकला आणि ‘ओ’च्या जागी ‘इ’ घातलं, मात्रो-मात्री, विशेषणाचा मेळ पण काढला, आणि न फक्त कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच. कागदावर जास्त नीट दिसतं, बोलणारे मात्र एस्परांतोकडेच जास्त राहिले. मुळात 1894 मध्ये झामेनहोफनी स्वतःच हा न काढायचा प्रस्ताव ठेवला होता, मतदान झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. बनवणारा एक आणि ऐकणारे शंभर झाले की भाषा बनवणाऱ्याची राहत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

इतर भाषांचं म्हणाल तर एस्परांतोच्या आधी व्होलाप्यूक नावाची भाषा गाजली होती, योहान श्लायर या जर्मन पाद्रीने काढलेली. तिच्यात विभक्त्या चार, दोम घर, दोमा घराचं, दोमे घराला, दोमी कर्मातलं घर, आणि अनेकवचनाला प्रत्येकाच्या मागे स. व्होलाप्यूक हे नावसुद्धा षष्ठीतलं, व्होल जग, व्होला जगाची, प्यूक भाषा. त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 2001 सालची तोकी पोना, कॅनडातल्या सोन्या लँगची, शब्दच मुळात सव्वाशेच्या आसपास. तिथे नाम अजिबात चालत नाही, वचन नाही, लिंग नाही, कर्माच्या आधी नुसता ‘ए’ टाकायचा. आणि सांगलीच्या बाईंनी ऐकावं, तिथे ‘मामा’ म्हणजे आई किंवा बाप, कुणीही. आईच सांगायची तर मामा मेली. हो, मेली! हे शुद्ध मराठी घरात मोठ्याने म्हणू नका. मेली म्हणजे तिकडे बाई.

क्लिंगॉनबद्दलही एकाने विचारलंय, तेवढ्यापुरतं सांगते, ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासींच्या या भाषेत अनेकवचनाचे प्रत्यय तीन आहेत, बोलू शकणाऱ्यांना एक, शरीराच्या अवयवांना एक आणि उरलेल्यांना एक. मार्क ओक्रँडने ती मुद्दामच परकी वाटावी म्हणून बनवली. तिच्यावर पुन्हा कधी.

प्रश्न (एक वाचक, वर्धा): आपल्याकडच्या कुणी मोठ्या माणसाने ही भाषा शिकली होती का?

उत्तर: तुमच्याच जिल्ह्यात उत्तर आहे. पवनारचे विनोबा. टिबोर सेकेल हा युगोस्लाव्ह प्रवासी आणि एस्परांतोवाला भारतात आला होता, त्याने विनोबांना एस्परांतो शिकवली. विनोबांना भाषांची हौस होतीच. मला मात्र दुसरीच गोष्ट आठवते, आईला संस्कृत गीता कळेना म्हणून त्यांनी पुढे मराठीत समश्लोकी केली आणि तिचं नाव ठेवलं गीताई. गीता अधिक आई. दोन नामं जोडून तिसरं करायचं हे एस्परांतोत सकाळ-संध्याकाळ चालतं, त्यामुळे सेकेलने तो नियम सांगितला असेल तेव्हा विनोबांना त्यात नवीन काही वाटलं नसणार.

प्रश्न (इयत्ता नववी, कोल्हापूर): माझ्या आईचा पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे. मला कार्डवर एस्परांतोत लिहायचंय. आईला पात्रीनो असंच म्हणायचं का? ते जरा शाळेच्या फॉर्मसारखं वाटतं.

उत्तर: बरोबर वाटतंय तुला. घरात कुणी आईला पात्रीनो म्हणून हाक मारत नाही, पान्यो म्हणतात. लाडाने बोलायचं तर शब्द मध्येच कापायचा आणि बाईसाठी ‘न्यो’, पुरुषासाठी ‘च्यो’ लावायचा, म्हणून आई पान्यो आणि बाबा पाच्यो. बघ, कापताना तो ‘इन’पण गेला आणि बापाचा ‘त्र’पण गेला, उरला दोघांचा सारखाच ‘पा’. सांगलीच्या बाईंना हे दाखवायला हवं.

तर कार्डवर लिही, फेलीचान नास्कीजतागोन, पान्यो! नास्कीज म्हणजे जन्मणं, तागो म्हणजे दिवस, फेलीचा म्हणजे आनंदी. वर अमरावतीच्या काकांना सांगितलं तसं मनात ‘इच्छितो’ आहे म्हणून फेलीचान आणि नास्कीजतागोन दोघांनाही न. पान्योला मात्र न लावू नकोस, तिला तू हाक मारतोयस.